अध्यक्षांना हरवायचं कोणी?

सागाए गावच्या मधल्या बाजारपेठेत साकुइची मुराकोशी यांचं केशकर्तनालय होतं, आणि त्या बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष होते. पण या दोन्ही गोष्टींचं त्यांना स्वतःला फारसं कौतुक नव्हतं. केस काय, कुणीही कापतो; आणि अध्यक्ष व्हायला तर नुसतं बैठकीला वेळेवर येऊन शेवटपर्यंत जागं राहावं लागतं. मुराकोशींच्या मते त्यांची खरी ओळख एकच होती. शोगीच्या पटावर ते तीस वर्षांत एकदाही हरले नव्हते.

शोगी हे बुद्धिबळाचंच भावंड. फक्त इथे मारलेली सोंगटी मरत नाही, ती मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. आणखी एक रीत आहे. डाव हरलेल्या माणसाने स्वतः मान लववून, समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात ‘मी हरलो’ म्हणायचं असतं. हे दोन शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत डाव संपत नाही. शेजारच्या तेन्दो गावात सोंगट्या बनतात, त्यामुळे या भागात लहान पोरालाही खेळ येतो आणि ही रीतही येते. मुराकोशींना खेळ येत होता. रीत त्यांनी फक्त समोरच्यांकडून ऐकली होती.

याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी, मुराकोशी तरुण असताना, सोया सॉसच्या दुकानदाराने सलूनच्या बाकावर त्यांना एकदा चांगलं धुतलं होतं. मुराकोशींनी ‘मी हरलो’ म्हणायच्या जागी नुसता घसा खाकरला, पट मिटला आणि पुढचे पंधरा दिवस कुणाशी अक्षर बोलले नाहीत. बोलले नाहीत याचं कुणाला काही नव्हतं, पण त्या पंधरवड्यात त्यांचा हात थाऱ्यावर नव्हता. निम्मी बाजारपेठ एक कल्ला वर आणि एक कल्ला खाली अशी हिंडत होती. त्यात एका मुलीचं लग्न होतं, आणि त्या लग्नाचे फोटो अजून लोकांच्या घरात आहेत. तेव्हापासून कुठलीही बैठक न घेता, कुठलाही ठराव न मांडता, बाजारपेठेने एकमताने ठरवून टाकलं की सलूनवाल्याला हरवायचं नाही.

मुराकोशी काही खुळे नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी हरणं सोपं नव्हतं. पटापट हरून चालत नसे. आधी त्यांना घाम फोडायचा, त्यांचा राजा जरा उघड्यावर आणायचा, आणि मग ऐन वेळी एखादी सोंगटी एक घर चुकीची ठेवून कपाळ खाजवायचं. यात सगळ्यांत तरबेज होता सेगावा, समोरचा ततामीवाला, गवताच्या चटया शिवणारा. तो मुराकोशींचा शाळासोबती. रोज दुपारी तीनला तो रस्ता ओलांडून येई, तासभर खेळे आणि इतक्या थोडक्यात हरे की पाहणाऱ्याला चुटपुट लागावी. त्याच्या खालोखाल विजेच्या सामानाचा दुकानदार निहेई. निहेई हरायचा तोही ठीक हरायचा, पण त्याला ते पोटात ठेवता येत नसे. रोज संध्याकाळी घरी गेला की तो बायकोला, फुमिएला, सांगायचा की आजही अध्यक्षांना जिंकू दिलं, नाहीतर मनात आणलं असतं तर... फुमिए ऐकून घ्यायची. बावीस वर्षं तिने हे वाक्य ऐकलं, पण मनात आणलेलं काही तिला दिसलं नाही.

असा सगळा कारभार सुरळीत चालला असताना, हेइसेइ शकाच्या सहाव्या वर्षी, म्हणजे १९९४ सालच्या वसंतात मुराकोशींना साठ वर्षं पूर्ण झाली. साठीला घालतात ते लाल जाकीट घालून त्यांचे फोटो निघाले, आणि सेन्दाइला दिलेली त्यांची मुलगी चिनात्सु हिने त्यांना हातात मावणारा एक व्हिडिओ गेम भेट दिला. सोबत शोगीची कॅसेट. बाबांना दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बरं, असं ती म्हणाली. मुराकोशी हसले, हे पोरांचं खेळणं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत, वाफेवरच्या टॉवेलांच्या शेजारी बसून त्यांनी ते सुरू केलं. वीस मिनिटांत ते हरले.

यंत्राला केस नव्हते, त्यामुळे त्याला मुराकोशींकडून कशाचीच अपेक्षा नव्हती. ते सरळ खेळलं आणि सरळ जिंकलं. मग पडद्यावर एक चौकट आली आणि तिच्यात ‘हार मान्य’ असे शब्द आले. खालचं बटण दाबा, एवढंच ते यंत्र सांगत होतं. मुराकोशी त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बटण सोडून बाजूची खिट्टी सरकवली. पडदा विझला, चौकट गेली आणि डावही गेला. कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा तो झालाच नव्हता असं समजायला हरकत नव्हती.

असे न झालेले डाव एप्रिलपासून जुलैपर्यंत रोज झाले. त्सुनेकोला, म्हणजे त्यांच्या बायकोला, मागच्या खोलीतून रोज तीच टक् ऐकू यायची आणि पाठोपाठ नवरा बाहेर येऊन विनाकारण कात्र्या पुसायला घ्यायचा. तिने एकदाही काही विचारलं नाही. मुराकोशींनी मात्र स्वतःची समजूत काढायला एक कारण शोधलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्या हिरवट राखाडी, काडेपेटीएवढ्या पडद्यावर अक्षरं इतकी बारीक होती की सोंगट्यांतला सोन्याचा सरदार कोणता आणि चांदीचा कोणता हे साठीच्या डोळ्यांना उमगत नसे. दहातला एखादा डाव त्यामुळे गेलाही असेल. उरलेल्या नऊंचा विचार करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांचं चुकलं ते हे की एका दुपारी निहेईची दाढी करता करता त्यांनी हे कारण मोठ्याने सांगितलं. यंत्र तसं बरं आहे, पण पडदा फार लहान, नाहीतर त्याला दाखवलं असतं, असं ते म्हणाले. निहेई वस्तऱ्याखाली होता, त्यामुळे काही बोलला नाही, पण तोंडावरचा साबण पुसून होताच त्याचा चेहरा उजळला. आपल्या धंद्यातली अडचण अध्यक्षांनी सांगावी हा योग बावीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता.

चार दिवसांनी तो एक जाडजूड डबी घेऊन आला. नवीनच निघालंय, म्हणाला. हातातल्या गेमची छोटी कॅसेट त्या डबीच्या डोक्यात खुपसायची, डबी टीव्हीला जोडायच्या मोठ्या गेममध्ये बसवायची, की हातातला खेळ टीव्हीवर. मोठा गेम त्याच्या मुलाचा होता. मुलगा कॉलेजला गेल्यापासून तो धूळ खात पडला होता. सलूनमध्ये आरशावर टांगलेला टीव्ही होताच, ज्यावर गिऱ्हाइकं सुमो आणि शाळांचं बेसबॉल बघायची. निहेईने स्टुलावर चढून सगळं जोडून दिलं, आणि मंडळाकडून अध्यक्षांना साठीची भेट म्हणून लाल फीतही बांधली. भेट नाकारता येत नाही. मुराकोशींनी मान लववून तिचा स्वीकार केला. त्यांच्या पाठीत कळ आली ती लववण्याने आली की आणखी कशाने, हे सांगता येत नाही.

पडदा उजळला. मधाच्या रंगाचा भला मोठा पट, भोवती नक्षीची चौकट, आणि प्रत्येक सोंगटी पानकोबीएवढी. सोन्याचा सरदार रस्त्यावरूनही ओळखू येत होता. मासेवाला आला, बनपाववाली आली, सेगावा तर तीन वाजता यायचाच. मुराकोशींनी रीतीप्रमाणे टीव्हीला नमस्कार केला आणि खेळायला बसले.

चाळिसाव्या खेळीला त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला होता आणि यंत्राचा रथ, म्हणजे आपल्याकडचा हत्ती, दारात उभा होता. सगळ्या बाजारपेठेला ते दिसत होतं. हातातल्या पडद्यात पराभव आपल्यापुरता असतो. टीव्हीवर तो भिंतीवर टांगलेला असतो आणि खाली बाकावर माणसं बसलेली असतात. ‘हार मान्य’ची चौकट आली, तीही या वेळी सुपाएवढी. मुराकोशींचा हात आपोआप मागे गेला आणि त्यांनी खटका बंद केला. पडदा निळा झाला.

‘वीज गेली,’ मुराकोशी म्हणाले.

दारातला सलूनच्या खुणेचा तांबड्या-निळ्या पट्ट्यांचा खांब फिरत होता. पंखा फिरत होता. रेडिओवर एक बाई गात होती. सेगावा म्हणाला की यंदा वीज फारच जाते. मासेवाला म्हणाला की त्याच्याकडेही जाते, बर्फाची काळजी वाटते. निहेई तर विजेचाच माणूस. तो स्टुलावर चढला, फ्यूजची पेटी उघडून दोन मिनिटं आत बघत राहिला, आणि आता ठीक आहे असं सांगून खाली उतरला.

त्या आठवड्यात सलूनमधली वीज रोज साडेतीनला गेली. लोक रोज तीनला जमत होते, कारण भेट दिली आहे आणि आपण बघायला गेलो नाही असं दिसणं बरं नव्हे. मुराकोशी रोज खेळत होते, कारण भेट मिळाली आहे आणि आपण वापरत नाही असं दिसणं बरं नव्हे. सगळेच एकमेकांचं मन राखत होते आणि त्यात सगळ्यांचा जीव जात होता. पाचव्या दिवशी बनपाववालीच्या नवऱ्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला, तेव्हा मात्र मासेवाल्याच्या दुकानात चार माणसं जमली.

चर्चा फार झाली नाही. यंत्र वाईट नव्हतं, त्याला फक्त वळण नव्हतं. ते बाहेरून आलेलं, त्याला इथली रीत कोण सांगणार, असं मासेवाल्याचं म्हणणं पडलं. मग निहेईने माहिती काढली की या खेळात पाच स्तर असतात, सुरू करताना यंत्र आपोआप तिसऱ्यावर असतं, आणि पहिला स्तर इतका सौम्य असतो की यंत्र आपला रथ स्वतःहून मरायला पाठवतं. मुराकोशींना स्तर असतात हेच माहीत नव्हतं. सोबत आलेली पुस्तिका वाचून शोगी खेळायची म्हणजे मानहानी, असं समजून त्यांनी ती उघडलीच नव्हती.

पुढच्या सकाळी निहेई फ्यूज बघायच्या निमित्ताने आला आणि त्याने यंत्राला पहिल्या स्तरावर आणून ठेवलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात स्तराचा आकडा दिसायचा, त्यावर त्याने ‘ओल्या हाताने स्पर्श करू नये’ अशी पिवळी चिकटपट्टी लावली. खटका बंद केला तर यंत्र पुन्हा तिसऱ्यावर जाणार, म्हणून त्याने बजावलं की हे नाजूक काम आहे, ते सतत चालूच ठेवायचं, नाहीतर बिघडेल. त्या दुपारी मुराकोशी जिंकले.

ते कसे जिंकले हे त्यांनी संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांना आणि एका टपालवाल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही जिंकले. नऊ दिवस ते ओळीने जिंकले आणि नऊ दिवसांत बाजारपेठेतले सगळे कल्ले एका रेषेत आले. यंत्राला आपली चाल कळेनाशी झाली आहे, असं त्यांचं मत बनलं. ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कंगवा धरून माणसाचं डोकं आणि यंत्राचं डोकं यांतला फरक समजावून सांगू लागले. ऑक्टोबरात बाजारपेठेचा मेळा असतो. रस्त्यात मोठं पातेलं चढवून अरवीच्या कंदांचं आणि मांसाचं कालवण शिजतं, आणि दरवर्षी काहीतरी करमणूक लागते. मुराकोशींनी या वर्षीची करमणूक स्वतःच्या हाताने, कुंचल्याने लिहून दारात लावली: ‘माणूस विरुद्ध यंत्र. टीव्हीवर, सर्वांसमोर.’ निहेईने आपल्या दुकानातला सगळ्यांत मोठा टीव्ही द्यायचं कबूल केलं, आणि घरी जाऊन फुमिएला सांगितलं की आता यंत्रालाही मीच जिंकू द्यायला लावतोय.

मेळ्याच्या आधीचा सोमवार. सोमवारी सलून बंद असतं, त्या दिवशी त्सुनेको सगळं धुऊनपुसून घेते. ओला फडका घेऊन ती टीव्ही पुसत होती आणि ‘ओल्या हाताने स्पर्श करू नये’ ही पट्टी तिच्या ओल्या फडक्याला चिकटून निघून आली. मुराकोशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

‘अगं, तिथे एकचा आकडा लिहिलाय तो काय?’

‘स्तर.’

‘असे किती असतात?’

‘पाच. पुस्तिकेत आहे ना सगळं.’

‘तू वाचलीस?’

‘कुणीतरी वाचायला हवीच होती,’ त्सुनेको म्हणाली.

आधी कितीवर होतं, हे त्यांनी विचारलं. तिने तीन असं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्यांच्यासमोर त्यांचाच आरसा होता, ज्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची तोंडं पाहिली होती. ज्या लोकांनी एका यंत्राला हरायला शिकवलं, ते स्वतः कुठे शिकले असतील, हा हिशेब लावायला शोगीचं डोकं लागत नव्हतं. एकेक चेहरा त्यांना आठवू लागला, आणि प्रत्येक चेहऱ्याचा हात कपाळावर होता.

‘सगळेच?’ त्यांनी विचारलं.

त्सुनेको टॉवेलांच्या घड्या घालत होती. ‘मला बाई शोगीतलं काही कळत नाही,’ ती म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात तिने कुठल्याही प्रश्नाला दिलेलं हे सगळ्यांत स्पष्ट उत्तर होतं.

मुराकोशी उठले आणि रस्ता ओलांडून सेगावाच्या कारखान्यात गेले. सेगावा गुडघ्यावर चटई घेऊन वीतभर लांब सुईने काठ शिवत होता. आत ओल्या गवताचा वास होता. ते कधी इकडे येत नसत, सेगावाच तिकडे जायचा, त्यामुळे त्याने सुई थांबवली. मुराकोशींनी सांगितलं की एक डाव खेळायचा आहे, आणि हात राखायचा नाही. सेगावाने, काय झालं, असं विचारलं नाही. त्याने गवताच्या भाऱ्यावर पट मांडला.

तो डाव पंचवीस मिनिटं चालला. सेगावाने एकदाही कपाळ खाजवलं नाही. त्याचा हात भराभर चालत होता, डोळे बारीक झाले होते, आणि मुराकोशींना वाटलं की या माणसाला आपण आज पहिल्यांदा भेटतोय. त्यांनी जीव तोडून खेळ केला. राजाभोवती सोनं उभं केलं, चांदी उभी केली, आणि सेगावाने ते सगळं चटईची जुनी शिवण उसवावी तसं एका बाजूने उसवत नेलं. शेवटी बघण्यासारखं काही उरलं नाही. मुराकोशींचा हात नकळत मागे गेला, पण लाकडी पटाला खटका नसतो. साठ वर्षांच्या माणसाला दोन शब्द उच्चारायला इतका वेळ का लागतो, हे त्याला विचारावं.

‘मी हरलो,’ मुराकोशी म्हणाले आणि त्यांनी मान लववली.

सेगावानेही मान लववली. मुराकोशींना राग आला होता, लाज वाटत होती, आणि सगळ्यांत वाईट याचं वाटत होतं की असा खेळणारा माणूस तीस वर्षं रोज दुपारी समोर बसत होता आणि आपल्या वाट्याला तो एकदाही आला नाही.

‘का रे?’ त्यांनी विचारलं.

‘आधी सगळे हरायचे म्हणून मीही,’ सेगावा म्हणाला. बावीस वर्षं तो त्यांना अध्यक्ष म्हणत होता, आज शाळेतल्यासारखा बोलत होता. ‘मग केइको वारली. बायकोविना घरात दुपार खायला उठायची, साकुइची. तू हरलास की पंधरा दिवस पट काढत नाहीस. मग मी तीन वाजता जायचं कुठे? मला जिंकायचं नव्हतं, खेळायचं होतं.’

मुराकोशींनी पटावरच्या सोंगट्या गोळा केल्या. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की उद्या तीनला तो येणार ना. सेगावा येतो म्हणाला, आणि आला, आणि जिंकला. आठवडाभर रोज जिंकला. मुराकोशी रोज मान लववून ते दोन शब्द म्हणत होते आणि रोज ते जरा सोपे होत होते. एवढ्या दिवसांत कुणाचाही कल्ला वाकडा गेला नाही, आणि ही गोष्ट स्वतः मुराकोशींच्याच सगळ्यांत उशिरा लक्षात आली.

मेळ्याच्या दिवशी दुपारी ऊन छान होतं. रस्त्याच्या मधोमध निहेईचा मोठा टीव्ही, त्याच्या पुढे बाकडी, आणि पलीकडे फुमिए पातेल्यात मोठी पळी घालून उभी. मुराकोशींनी आपल्या हाताने लिहिलेला कागद फाडला आणि लोकांना सांगितलं की यंत्राला आज सुट्टी आहे. या टीव्हीच्या डबीवर दोन जणांना बटणांची दोन खेळणी घेऊन एकमेकांशी खेळता येतं. ज्याला खेळायचं त्याने माझ्याशी खेळावं, फक्त मन राखायचं नाही. मला सगळं माहीत आहे.

मासेवाल्याला अचानक मासे आठवले. बनपाववालीने नवऱ्याची बाही धरून ठेवली. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि कुणी पुढे येत नव्हतं. तेवढ्यात पातेल्यामागून फुमिएचा आवाज आला.

‘अहो, जा की. रोज म्हणता ना, मनात आणलं तर म्हणून? आणा आज.’

लोक हसले, आणि निहेईला जावंच लागलं. तो बाकावर बसला आणि त्याने टीव्हीला नमस्कार केला. मग चूक लक्षात येऊन त्याने मुराकोशींना केला. डाव सुरू झाला.

पहिल्या पंधरा खेळ्यांत मुराकोशींना वाटलं की हा अजून हात राखतोय. विसाव्या खेळीला त्यांनी पडदा सोडून निहेईकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. हातातलं बटणांचं खेळणं घामाने निसटत होतं आणि ओठ हलत होते. तो काही राखत नव्हता. होतं ते सगळं त्याने काढलं होतं, आणि ते एवढंच होतं. बावीस वर्षं निहेईने जे डाव उदारपणे अध्यक्षांच्या पदरात टाकले, ते त्याच्याकडे कधी नव्हतेच. मुराकोशींना असा आनंद झाला की त्यांना बाकावरून उठून ओरडावंसं वाटलं. सेगावा सोडला तर ते खरोखरच जिंकत आले होते, आणि हे ना त्यांना ठाऊक होतं ना बाजारपेठेला. आता नुसता सोन्याचा सरदार राजासमोर उतरवायचा, आणि सगळ्या गावाला ते कळणार होतं.

त्यांनी बोट बटणावर ठेवलं. तेव्हा त्यांना फुमिए दिसली. तिला शोगी येत नव्हती, पण टीव्ही एवढा मोठा होता की न येणाऱ्यालाही दिसत होतं, तिच्या नवऱ्याचा राजा उघड्यावर एकटा पडला आहे. तिच्या हातातली पळी वरच्या वर थांबली होती. निहेईची पाठ तिच्याकडे होती, आणि त्या पाठीवरून कळत होतं की तीही काय बघत असेल हे त्याला ठाऊक आहे. ते दोन शब्द म्हणायला किती जड जातात हे मुराकोशींना गेल्या सोमवारी कळलं होतं. निहेईने ते हजार वेळा म्हटले होते, पण आज त्याला पहिल्यांदा खरोखर म्हणायला लागणार होते, आणि तेही बायकोसमोर.

मुराकोशींनी सोन्याचा सरदार भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवला. आपली वाट मोकळी झाली आहे हे निहेईच्या चार खेळ्यांनंतर लक्षात आलं. मग त्याचा रथ सुटला, आणि अध्यक्षांचा राजा कोपऱ्याकडे पळू लागला. पडद्यावर सुपाएवढी चौकट आली. मुराकोशींनी तिच्याखालचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं, निहेईकडे वळले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले की ते हरले. टीव्हीतून एक बारकी विजयाची धून वाजू लागली. लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कळेना. निहेईचे डोळे भरून आले होते, आणि तो नमस्कार करायचाच विसरला.

सेगावा वाडगा घेऊन मुराकोशींच्या शेजारी येऊन उभा राहिला.

‘ती खेळी फारच उघड होती,’ तो हळूच म्हणाला.

‘कुणाला कळलं?’

‘मला. हरण्यापूर्वी जरा जिंकत असल्यासारखं दिसावं लागतं, साकुइची. तू एकदम सोनंच फेकून दिलंस.’

‘पहिलीच वेळ आहे,’ मुराकोशी म्हणाले, ‘शिकेन हळूहळू.’

दोघं पातेल्याच्या रांगेत उभे राहिले. या मेळ्यात पहिला वाडगा अध्यक्षांचा, ही बावीस वर्षांची वहिवाट. फुमिएने पातेलं तळापासून ढवळलं, मांसाचे बरे बरे तुकडे शोधून काढले आणि पहिला वाडगा काठोकाठ भरून निहेईच्या हातात दिला.